जलद चार्जिंगची नंदभाषा

आमच्या महाविद्यालयाच्या प्राध्यापक-कक्षात विजेचे प्लग पॉइंट दोन आणि प्राध्यापक चौदा. त्या दोनांपैकी एकाला एक्स्टेन्शन बोर्ड लावलेला असतो आणि बोर्डातून पाच-सहा केबली लोंबत असतात. पूर्वी या केबलींची टोके निरनिराळी असत. नोकियाची जाड पिन, मग बारीक पिन, नंतर चपटी मायक्रो, आणि आयफोनवाल्यांची आणखी वेगळी. आता जवळजवळ सगळ्यांचे टोक एकच झाले आहे : लंबगोल, कसेही घातले तरी बसणारे टाइप-सी. तरीही तासाची घंटा होण्याआधी कोणी ना कोणी विचारतेच, "सर, यांतली फास्ट कोणती?" केबलीकडे पाहून या प्रश्नाचे उत्तर देऊ शकेल असा एकही विद्वान आमच्या कक्षात नाही. त्यात पदार्थविज्ञानाचे दोघे धरले आहेत.

या प्रश्नावर गेल्या महिन्यात आमच्याकडे वाद झाला. एक सहकारी म्हणाले, "आता सरकारनेच टाइप-सीचे मानक केले आहे. एक चार्जर सगळ्यांना. प्रश्न मिटला." दुसऱ्या बाई भाषाविज्ञान शिकवतात. त्या म्हणाल्या, "मला तर हे एकच-एक करण्याचे वेडच संशयास्पद वाटते. प्रमाणीकरण म्हणजे शेवटी कोणाचे तरी वर्चस्व. असू द्याव्यात की चार पद्धती." मला ही दोन्ही मते चुकीची वाटतात. पहिले मत अज्ञानातून आलेले आहे, दुसरे ज्ञानाच्या चुकीच्या जागी केलेल्या वापरातून. दुसरे अधिक घातक, कारण ते आपल्या वर्गांतून शिकवले जाते.

आधी वस्तुस्थिती पाहू.

यूएसबी ही जोडणी १९९६ साली आली. बडोद्यात शिकलेले अजय भट्ट हे इंटेलमधील अभियंते तिच्या शिल्पकारांपैकी एक. ती मुळात माहिती वाहून नेण्यासाठी होती. वीज हा तिचा जोडधंदा. ५ व्होल्ट आणि फार तर अर्धा अँपिअर, म्हणजे अडीच वॅट. की-बोर्ड आणि माउस यांना तेवढे पुरे होते. फोन आले, त्यांचे पडदे मोठे झाले, बॅटऱ्या मोठ्या झाल्या, तेव्हा अडीच वॅटांत रात्र सरे पण बॅटरी भरेना. मग अधिक वीज कशी न्यायची हा प्रश्न उभा राहिला.

वॅट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर, हे दहावीला आपण सर्वांनी पाठ केलेले आहे. तेव्हा वाटा दोन : व्होल्ट वाढवा किंवा अँपिअर वाढवा. पण केबलीतील तांब्याच्या तारेला रोध असतो आणि तिच्यात होणारी उष्णता अँपिअरच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा, एखाद्या केबलीचा जाऊन-येऊन रोध ०.३ ओहम आहे. तिच्यातून १८ वॅट न्यायचे आहेत. ५ व्होल्टने नेले तर ३.६ अँपिअर लागतील आणि सुमारे ३.९ वॅट केबलीतच उष्णता होऊन जातील. ९ व्होल्टने नेले तर २ अँपिअर पुरतील आणि १.२ वॅटच वाया जातील. म्हणून क्वालकॉमने 'क्विक चार्ज'मध्ये व्होल्ट वाढवण्याची वाट धरली. २०१४ साली ओप्पोने 'वूक' आणले. त्यात सुमारे ५ व्होल्टच ठेवून अँपिअर ४ च्या घरात नेले आणि त्यासाठी जाड तारांची, जादा पिनांची खास केबल दिली. तिथे व्होल्ट उतरवण्याचे काम फोनऐवजी चार्जरमध्ये होते आणि फोन कमी तापतो. ही कल्पना चांगली होती, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

परंतु व्होल्ट काय किंवा अँपिअर काय, फोनने न मागता चार्जरने वाढवले तर फोन जळेल. म्हणून आधी दोघांत बोलणे व्हावे लागते. जलद चार्जिंग म्हणजे नुसती जास्त वीज नव्हे, ते एक संभाषण आहे. २०१२ साली यूएसबीच्या सामायिक संस्थेने 'पॉवर डिलिव्हरी' म्हणजेच पीडी नावाची बोलण्याची खुली पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यात चार्जर आधी आपली यादी वाचतो : माझ्यापाशी ५ व्होल्ट आहेत, ९ आहेत, १५ आहेत, २० आहेत, इतके-इतके अँपिअर. फोन त्यातले एक मागतो. चार्जर 'मान्य' म्हणतो, व्होल्ट बदलतो, मग 'तयार' म्हणतो. हे सारे टाइप-सीच्या २४ पिनांपैकी केवळ बोलण्यासाठी राखलेल्या तारेवरून क्षणार्धात होते. एका बाजूने बोललेले दुसऱ्याला कळले नाही, तर मुकाट्याने ५ व्होल्टवर काम चालू राहते. अपघात होत नाही आणि फोन भरत राहतो, मात्र गोगलगायीच्या गतीने.

आमच्या कक्षातील कोडे इथे उलगडते. टोक एक आहे. बोलणे एक नाही. बहुतेक कंपन्यांनी आपापली वेगळी भाषा केली, तिला आपापले व्यापारी नाव दिले, आणि खोक्यावर ६५, ८०, १०० असे आकडे छापले. तो आकडा त्याच कंपनीचा फोन, त्याच कंपनीचा चार्जर आणि बहुधा त्याच कंपनीची केबल एकत्र आली तरच खरा असतो. त्रिकुटातला एक बदलला की संभाषण तुटते. खोक्यावर ८० वॅट मिरवणारे काही फोन सामायिक पीडीच्या चार्जरवर १५-१८ वॅटांवर येतात. शिवाय 'इतक्या मिनिटांत निम्मी बॅटरी' ही जाहिरात नेहमी पहिल्या निम्म्याचीच असते. लिथियम-आयन बॅटरी भरत आली की प्रवाह कमी करावाच लागतो. तो रसायनाचा नियम आहे, कंपनीचा नव्हे. उरलेल्या निम्म्याबद्दल जाहिरात गप्प असते.

आता माझ्या पहिल्या सहकाऱ्यांचे मत. नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाच्या बैठकीत स्मार्टफोन, टॅब्लेट, लॅपटॉप यांना टाइप-सी असावे यावर व्यापक एकमत झाले. जानेवारी २०२३ मध्ये भारतीय मानक ब्युरोने आयएस/आयईसी ६२६८०-१-३ हे टाइप-सीचे मानक प्रसिद्ध केल्याचे जाहीर झाले. हे स्वागतार्हच आहे. पण त्या क्रमांकातील शेवटचा आकडा वाचकांनी नीट पाहावा. '१-३' हा भाग टोक आणि केबल यांविषयीचा आहे. पीडीच्या संभाषणाचा भाग त्याच आंतरराष्ट्रीय मालिकेत '१-२' आहे. 'टाइप-सी आले, प्रश्न मिटला' म्हणणारा माणूस तोंडाचा आकार ठरला म्हणून भाषा ठरली असे समजतो. युरोपीय संघाने २०२२ साली निर्देश काढला आणि २८ डिसेंबर २०२४ पासून तो फोनांना लागू केला, तेव्हा त्यांनी ही गल्लत टाळली. तिथे जलद चार्ज होणाऱ्या फोनला पीडी यावीच लागते. कंपनीची स्वतःची भाषा असायला हरकत नाही, पण तिने पीडीच्या आड येता कामा नये. इतकेच नव्हे, तर फोनला किमान व कमाल किती वॅट लागतात आणि त्याला पीडी येते की नाही, हे खोक्यावरील चिन्हातच लिहावे लागते. रूपाबरोबर आशयाचाही विचार केलेला कायदा तो हा.

आणि आता भाषाविज्ञानाच्या बाई. त्यांच्या युक्तिवादाबद्दल मला आदर आहे. पुण्याच्या एका थराची बोली प्रमाण ठरली आणि आगरी, अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी बोलणारा मुलगा वर्गात 'अशुद्ध' ठरला, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. वसईहून किंवा शहापूरहून मुंबईच्या उपनगरातल्या महाविद्यालयात येणारा विद्यार्थी पहिले सहा महिने तोंड का उघडत नाही, ते मला ठाऊक आहे. त्यामुळे 'प्रमाण' हा शब्द ऐकताच आपल्या पिढीचे कान टवकारतात आणि ते योग्यच आहे. पण एकदा शिकलेला संशय कुठेही लावला की त्याला समीक्षा म्हणता येत नाही. ती सवय झाली.

बोली कोणाच्या मालकीची असते? बोलणाऱ्यांच्या. ती आईकडून मुलाकडे फुकट जाते आणि कोणीही परका चार वर्षे त्या गावात राहिला तर शिकू शकतो. बोली समजण्यासाठी जन्मलेली असते. चार्जिंगच्या या खासगी भाषा बोली नाहीत. त्यांना मराठीत वेगळा आणि फार जुना शब्द आहे : नंदभाषा. आपल्या बाजारपेठांत व्यापारी आणि दलाल गिऱ्हाइकासमोरच आकडे बोलत, पण अशा शब्दांत की गिऱ्हाइकाला भाव कळू नये. नंदभाषेचे शब्द मोठे गमतीदार आहेत आणि कोशकारांनी ते जपले हे बरेच झाले. पण तिला बोलींच्या वैविध्यात बसवून तिच्या रक्षणासाठी परिसंवाद घ्यावा असे कोणी म्हणत नाही, कारण तिचा हेतूच समोरच्याला न कळणे हा होता. ८० वॅटांची कंपनीची भाषा नेमके हेच करते. आकडा गिऱ्हाइकासमोर उच्चारते आणि अर्थ आपल्याकडे ठेवते.

प्रमाणाचेही दोन प्रकार आहेत. एक प्रमाण वरून लादलेले असते आणि ते न पाळणाऱ्याला हिणवते. दुसरे सर्वांनी मिळून ठरवलेले, छापून उघड्यावर ठेवलेले, कोणीही वाचून वापरावे असे असते. आमच्या पिढीला हा फरक पुस्तकातून शिकावा लागलेला नाही. एम.फिल.चा लघुप्रबंध मी घाटकोपरच्या एका डीटीपीवाल्याकडे टंकित करून घेतला होता. फाइल घरच्या संगणकावर उघडली तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि कंसांचा चिखल. त्याचा फाँट माझ्याकडे नव्हता. शिवाजी, श्रीलिपी, आकृती, प्रत्येकाची अक्षरे वेगळ्या घरांत बसवलेली. पडद्यावर 'क' दिसे तो 'क'च, पण आतले बोलणे निराळे. एका दुकानाची फाइल दुसऱ्या दुकानात मुकी होई. त्याच भारतीय मानक ब्युरोने १९९१ साली इस्की हे भारतीय लिप्यांचे मानक, आयएस १३१९४, स्वीकारले होते. युनिकोडमधील देवनागरीची मांडणीही इस्कीच्याच १९८८ च्या आवृत्तीवर बेतलेली आहे. ते सर्वत्र रुळले तेव्हा अहिराणीचे नुकसान झाले काय? उलट अहिराणीत लिहिणाऱ्याला फाँटवाल्याची परवानगी लागेनाशी झाली. मालवणी कविता आणि सरकारी परिपत्रक एकाच सांकेतिक क्रमांकांनी लिहिले जाऊ लागले. वैविध्य वर फुलायचे असेल तर खाली काहीतरी सामायिक असावे लागते. देवनागरीच्या बाबतीत आपण हे मान्य केले. मग विजेच्या बाबतीत कंपन्यांची फाँटशाही 'वैविध्य' म्हणून का डोक्यावर घ्यावी?

सामायिक मानकाने नवनिर्मिती खुंटते, असाही एक आक्षेप घेतला जातो. इतिहास तसे सांगत नाही. पीडीत २०१७ साली व्होल्ट अगदी बारीक पायऱ्यांनी बदलण्याची सोय आली, तिला पीपीएस म्हणतात. फोन न तापवता जलद चार्ज करण्याची जी युक्ती खासगी भाषांचे भूषण होती, तिचा मोठा भाग यामुळे खुल्या भाषेत आला. २०२१ साली पीडीची मर्यादा १०० वॅटांवरून २४० वॅटांवर गेली. जिवंत प्रमाण असेच वागते : बाहेरचे चांगले आत घेते आणि सर्वांचे करते.

तिसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे. "सर, दोष कंपन्यांचा नाही, डब्यात शंभर रुपयांना केबल विकणाऱ्याचा आहे," असे एका विद्यार्थिनीनेच मला सांगितले. बोरिवलीच्या पुलावर, अंधेरी स्टेशनाबाहेर, धीम्या लोकलच्या डब्यात या केबली मिळतात. पाकिटावर '६५ वॅट' छापलेले असते आणि आत केसासारखी बारीक तार असते. त्यांतल्या पुष्कळ वाईट असतात, यात वाद नाही. पण टाइप-सीच्या केबलीचे मानक काय सांगते ते पाहू. दोन्ही टोकांना सी असलेल्या प्रत्येक केबलीने ३ अँपिअर, म्हणजे २० व्होल्टवर ६० वॅट वाहिलेच पाहिजेत. त्यापुढे ५ अँपिअर वाहायचे तर केबलीच्या टोकात एक ओळख सांगणारी चिप असावी लागते. चार्जर तिला विचारतो आणि ती आपली कुवत सांगते. म्हणजे केबल यंत्राला आपली ओळख देते आणि माणसाला देत नाही. हा दोष डब्यातल्या विक्रेत्याचा आहे का? त्याच्याही केबलीवर काही लिहिलेले नसते आणि मॉलमधल्या आठशे रुपयांच्या कित्येक केबलींवरही नसते. न बोलणाऱ्या वस्तूंच्या बाजारात खोटे बोलणाऱ्या वस्तू खपणारच.

खोटे बोलणे हा शब्द मी अलंकार म्हणून वापरलेला नाही. जुन्या चौकोनी टोकाच्या केबलीला सी टोक जोडताना आत ५६ किलोओहमचा रोधक बसवावा लागतो. त्यावरून फोन ओळखतो की समोर साधा पोर्ट आहे, बेताने ओढावे. काही उत्पादकांनी तिथे १० किलोओहमचा बसवला. मग फोनला वाटते, समोर ३ अँपिअर देणारा दणकट चार्जर आहे, आणि तो तेवढी ओढ घेतो. गूगलमधील अभियंते बेन्सन लेउंग यांनी २०१५ च्या अखेरीपासून अशा केबली स्वतः विकत घेऊन तपासल्या आणि निकाल उघडपणे लिहिले. फेब्रुवारी २०१६ मध्ये उलट्या जोडणीच्या एका केबलीने त्यांचा लॅपटॉपच निकामी केला. मार्चमध्ये ॲमेझॉनने मानकात न बसणाऱ्या टाइप-सी केबलींच्या विक्रीला मनाई केली. एका माणसाचे चिकाटीचे परीक्षण, आणि तेही खुल्या मानकाच्या आधाराने. खासगी भाषेच्या केबलीचे असे परीक्षण कोणी कसे करावे? मूळ पाठच उपलब्ध नसेल तर पाठचिकित्सा कशाची करणार?

साहित्याच्या अभ्यासकांनी यात का पडावे, याचे उत्तर माझ्या वर्गातच बसलेले असते. माझ्या दुसऱ्या वर्षाच्या निम्म्याहून अधिक मुलांकडे नेमलेली कादंबरी फोनवर असते. रेल्वेचे तिकीट फोनवर, परीक्षेचे प्रवेशपत्र फोनवर, टिपणे फोनवर. मागील सत्रात नालासोपाऱ्याहून येणारा एक मुलगा तोंडी परीक्षेला रिकाम्या हातांनी उभा राहिला. त्याचे टिपण बंद पडलेल्या फोनमध्ये होते. रात्रभर लावला होता, म्हणाला. घरात चार माणसांत एक चार्जर, तो भावाच्या फोनबरोबर आलेला, आणि केबल तिसऱ्याच कोणाची. मी त्याला आधी बेफिकीर समजलो आणि तसे बोललोही. नंतर त्याच्या फोनचे, चार्जरचे आणि केबलीचे नाते मला समजले तेव्हा माझे बोलणे मला लागले. ज्याच्या घरी प्रत्येक फोनाला स्वतंत्र मूळ त्रिकूट आहे त्याला नंदभाषेचा त्रास नाही. ती आकारणी मागून-उसनवारी करून चालवणाऱ्या घरांवर आहे. वैविध्याच्या नावाने तिचे समर्थन करणे हा प्राध्यापकी पगाराचा विलास आहे.

तेव्हा मागण्या साध्या आहेत. केबलीवरच, पाकिटावर नव्हे, आकडा कायमचा कोरलेला असावा : ६० वॅट किंवा २४० वॅट. यूएसबीच्या संस्थेने अशी चिन्हे २०२१ साली तयार केलेलीच आहेत. ती सक्तीची व्हावीत. फोनच्या खोक्यावर कंपनीच्या स्वतःच्या आकड्याइतक्याच मोठ्या अक्षरांत पीडीचा आकडा असावा, आणि तो मराठी वाचणाऱ्यालाही कळेल असा असावा. आपल्या मानकात '१-३'च्या जोडीने '१-२'चाही आग्रह धरला जावा. तोवर खरेदी करताना विद्यार्थ्यांना एवढे सांगता येईल : चार्जरवर कंपनीच्या भाषेचे नाव नव्हे, पीडी आणि पीपीएस ही अक्षरे शोधा, दोन्ही टोकांना सी असलेली, आकडा लिहिलेली केबल घ्या, चार्जरवरील मानक ब्युरोच्या चिन्हाजवळचा 'आर'ने सुरू होणारा क्रमांक 'बीआयएस केअर' या ॲपवर तपासा. त्या क्रमांकाने सुरक्षिततेची नोंदणी कळते, वेग नव्हे, हेही सांगा.

बाईंशी वाद अजून संपलेला नाही. काल त्या म्हणाल्या, "ठीक आहे, नंदभाषा हा शब्द मला मान्य. पण उद्या तुमच्या खुल्या प्रमाणाची सूत्रेही चारच बड्या कंपन्यांच्या हाती गेली तर?" प्रश्न रास्त आहे, आणि तो विचारता येतो याचे कारण ते प्रमाण छापलेले आहे व कोण काय ठरवतो हे दिसते. त्यांच्या या प्रश्नाला माझे उत्तर तयार व्हायच्या आत तासाची घंटा झाली. बोर्डावरची एक केबल काढून त्यांनी मला विचारले, "सर, ही फास्ट आहे का?" मी उलटसुलट करून पाहिली. तिच्यावर काहीही लिहिलेले नव्हते.